“यात नवीन काय?” – गालिच्याच्या पाठीवरचा गोंद आणि पेटंटचा सर्वांत अवघड प्रश्न



पेटंटच्या व्हिडिओत आपण अर्ज, फी आणि मुदत यांबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ पुरत नाही, म्हणून त्यातला सर्वांत वादाचा मुद्दा आज इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी दोन प्रसंग डोळ्यासमोर आणा. पहिल्यात तुम्ही दोन वर्षं खपून एक युक्ती बसवलीत, पेटंटचा अर्ज केलात आणि समोरून उत्तर आलं, “यात नवीन काय? हे तर कुणालाही सुचलं असतं.” दुसऱ्यात तुम्ही धंद्यात सगळे करतात तसंच काम करताय आणि अचानक एका मोठ्या कंपनीची वकिली नोटीस येते, “हे आमचं पेटंट आहे, थांबवा.” आता तुमच्या तोंडून निघतं, “यात नवीन काय? हे तर कुणालाही सुचलं असतं!”

वाक्य एकच आहे. एकदा ते तुमच्या विरुद्ध जातं, एकदा तुम्हाला वाचवतं. कायद्यात याला ऑब्व्हिअसनेस म्हणतात, आपण त्याला ‘सहज सुचण्याजोगं असणं’ म्हणू. लाखो रुपयांची मशिनरी आणि कामगारांचा रोजगार या एका प्रश्नावर अडकू शकतो. म्हणून तो नीट समजून घ्यायचा.

गालिच्याच्या पोटात काय असतं?

उदाहरण म्हणून गालिचा घेऊ. ऑफिसात, हॉटेलात, थिएटरमध्ये पायाखाली असतो तो बहुतेक वेळा विणलेला नसतो, तो ‘टफ्टेड’ असतो. शिलाई मशीन आठवा. शेकडो सुया एका ओळीत लावलेल्या आहेत आणि त्या एका कापडातून सूत खाली-वर ओवत आहेत. प्रत्येक टोच्याला सुताचा एक लूप उभा राहतो. ज्या कापडात सूत ओवतात त्याला प्रायमरी बॅकिंग म्हणतात. हल्ली ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं, आपल्या सिमेंटच्या गोणीसारखं विणलेलं.

या पद्धतीची राजधानी म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं डाल्टन शहर. आणि गंमत बघा, या धंद्याचं मूळ घरगुती आहे. कॅथरीन इव्हान्स नावाच्या तिथल्या एका तरुणीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने टफ्ट केलेल्या चादरी करायला सुरुवात केली. त्यातून घरोघरी काम पोहोचलं, मग मशिनं आली आणि चादरींवरून धंदा गालिच्यांवर गेला.

आता अडचण कुठे आहे? सूत कापडात फक्त ओवलेलं आहे, गाठ कुठेच नाही. एक लूप ओढला की सगळी ओळ सरसर निघून येईल. म्हणून पाठीमागून गोंद लावावा लागतो. वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत म्हणजे लॅटेक्स: पाण्यातलं सिंथेटिक रबर, त्यात चुनखडीची पूड. हे पाठीवर पसरायचं, वर दुसरं कापड म्हणजे सेकंडरी बॅकिंग चिकटवायचं आणि लांबलचक भट्टीतून सगळं सुकवून काढायचं. पूर्वी हे दुसरं कापड तागाचं असायचं.

लॅटेक्स स्वस्त आहे आणि सूत घट्ट धरतं. पण पाणी उडवायला इंधन जाळावं लागतं. शिवाय एकदा पक्कं झालेलं लॅटेक्स पुन्हा वितळत नाही, त्यामुळे जुना गालिचा रिसायकल करणं जिकिरीचं होतं. मग कुणाच्याही मनात येईल की पॉलिथिलीनसारखं वितळणारं प्लास्टिक गरम करून पाठीवर ओतलं तर? पाणी नको, भट्टी नको.

इथेच खरी मेख आहे. वितळलेलं प्लास्टिक दाट असतं. ते सुताच्या जुडग्यावर नुसतं बसतं, आतल्या बारीक तंतूंपर्यंत शिरत नाही. वरून गालिचा झकास दिसतो, पण चार दिवस वापरला की तंतू सुटून फुसके होतात, लूप निघतात. धंद्यात एक लूप उपटायला किती जोर लागतो ते मोजतात. त्याला टफ्ट बाइंड म्हणतात. गोंदाची परीक्षा त्या आकड्यावर होते.

वाद कसा उभा राहतो?

आता एक काल्पनिक भांडण मांडतो. समजा, एका कारखान्याने पेटंट घेतलं: “टफ्टेड गालिचा, त्याच्या पाठीवर आधी पातळ वितळणाऱ्या गोंदाचा एक थर, त्यावर दाट प्लास्टिकचा दुसरा थर.” पातळ थर तंतूंत शिरतो, दाट थर ताकद देतो. शेजारच्या कारखान्याने तेच सुरू केलं. पहिला कोर्टात गेला.

दुसऱ्याचा वकील उभा राहतो. म्हणतो, “महाराज, टफ्टेड गालिचा जुना. पातळ गोंद जुना, पॅकिंगच्या धंद्यात रोज वापरतात. दाट प्लास्टिकचा थर जुना. तीन जुन्या वस्तू एकत्र केल्या, यात शोध कसला?”

पहिल्याचा वकील म्हणतो, “तिन्ही वस्तू सगळ्यांच्या समोर पडलेल्या होत्या. मग इतकी वर्षं कुणी का नाही एकत्र केल्या?”

दोघांचंही बोलणं पटतं की नाही? म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. इथे एक फरक पक्का करा. ‘नवीन आहे का’ हा एक प्रश्न आणि ‘सहज सुचण्याजोगं आहे का’ हा दुसरा. हे तीन थर याच क्रमाने आधी कुणी केलेले नसतील तर वस्तू नवीन ठरेल. तरीही ती सहज सुचण्याजोगी असेल तर पेटंट मिळणार नाही, आणि मिळालेलं असलं तरी रद्द होऊ शकतं.

आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७०च्या अधिनियमात, कलम २(१)(जेए) मध्ये ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची व्याख्या आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही हवं. आणि त्यावर, त्या विषयातल्या जाणकार माणसाला ती गोष्ट सहज सुचण्याजोगी नसावी. हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. नुसता नफा वाढला म्हणून इन्व्हेंटिव्ह स्टेप होत नाही.

हे कोर्टात प्रत्यक्ष कसं चालतं, ते दोन खऱ्या खटल्यांवरून बघू. एक गालिच्याचा, एक भांड्यांचा. दोन्हीकडे जुन्या वस्तूंची जोडणी होती, निकाल मात्र उलटे लागले.

खटला पहिला: चाळीसचे पन्नास वार

हा अमेरिकेतला खटला, वेबस्टर लूम कंपनी विरुद्ध हिगिन्स. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल १८८२चा. टफ्टिंगचं मशीन तेव्हा यायचं होतं, गालिचे मागावर विणले जात. लूप उठवण्यासाठी दर फेरीला एक तार आत सरकवायची, सूत तिच्यावरून न्यायचं आणि नंतर तार ओढून काढायची. तारा घालण्या-काढण्याचं हे काम माग आपोआप कसा करील, यावर वेबस्टरची सुधारणा होती.

हिगिन्स हे न्यूयॉर्कचे गालिच्यांचे कारखानदार. त्यांचं म्हणणं आपल्या वकिलासारखंच होतं: हे भाग आधीच्या मागांमध्ये वेगवेगळे होतेच, वेबस्टरने ते फक्त जोडले. खालच्या कोर्टात वेबस्टर कंपनी हरली.

सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांच्या निकालपत्रातले दोन मुद्दे आजही कामाचे आहेत. पहिला मुद्दा आकड्याचा. जो माग दिवसाला चाळीस वारांपुढे जात नव्हता, तो या जोडणीमुळे पन्नास वार गालिचा काढू लागला. जुन्या भागांच्या नव्या जोडणीतून आधी कधी न मिळालेला फायदा मिळत असेल, तर तो शोध असल्याचा पुरावा धरता येतो, असं कोर्ट म्हणालं. दुसरा मुद्दा माणसांचा. गोष्ट या धंद्यातल्या पटाईत लोकांच्या डोळ्यांपुढे होती, तिला ठेचकाळत होते म्हणा ना, पण वर्षानुवर्षं कुणाला दिसली नाही. आता यश मिळाल्यावर प्रत्येकाला वाटतं की हे आपणही केलं असतं.

आपल्याकडे म्हण आहेच, काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा सापडल्यावर ‘इथेच तर होता’ म्हणणं सोपं असतं. कोर्टाला बघायचं असतं ते शोधणाऱ्यांची स्थिती सापडण्याआधी काय होती ते.

खटला दुसरा: मिर्झापूरची भांडी

आता आपल्या देशात या. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या फर्मने डिसेंबर १९५१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. अडचण खरी होती. लेथवर भांडं फिरवून घासताना ते सुटून उडायचं आणि कामगाराला इजा व्हायची भीती असायची. यांनी भांडं समोरून दाबून धरणारी रचना केली. काम सुरक्षित झालं, वेग वाढला, फिनिशिंग सुधारलं. पेटंटही मिळालं.

पुढे बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मशी वाद झाला. पेटंट अलाहाबाद हायकोर्टात आधी रद्द झालं, अपिलात पुन्हा उभं राहिलं आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने १९७८च्या डिसेंबरमध्ये ते रद्दच ठरवलं. अर्जापासून सत्तावीस वर्षं!

का रद्द झालं? एका बाजूला हेडस्टॉक, दुसऱ्या बाजूला टेलस्टॉक आणि मध्ये वस्तू दाबून धरायची, हे लेथवर काम करणाऱ्याला पूर्वीपासून माहीत होतं. तीच जुनी युक्ती भांड्यासाठी वापरली. कोर्टाच्या मते ही वर्कशॉपमधली सुधारणा होती. एखादा चांगला कारागीर नेहमीच्या कामाच्या ओघात करील त्यापेक्षा काहीतरी जास्त हवं. जुन्या गोष्टींची जोडणी असेल, तर त्यातून नुसती बेरीज न होता नवा परिणाम किंवा वेगळी वस्तू निघायला हवी.

याच निकालातला आणखी एक धडा असा, की पेटंट ऑफिसने तपासून पेटंट दिलं म्हणजे ते पक्कं झालं असं नसतं. सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असलं तरी कोर्टात ते पुन्हा तपासलं जातं.

दोन निकाल उलटे का?

हे नीट वाचा, सगळ्या लेखाचं सार इथे आहे. दोन्हीकडे भाग जुने होते आणि दोन्हीकडे फायदा खरा होता. मग फरक कशात?

मिर्झापुरात अडचण अशी होती की ती सांगताच जाणकाराचा हात उत्तराकडे गेला असता. “भांडं उडतंय? समोरून दाबून धर.” गालिच्याच्या मागावर मात्र अडचण सगळ्यांना ठाऊक होती, भाग ठाऊक होते, तरी उत्तराकडे हात जात नव्हता.

कोर्ट ज्या माणसाच्या डोळ्यांनी बघतं तो कोण, हेही लक्षात घ्या. तो फार मोठा शास्त्रज्ञ नसतो आणि कालच कामाला लागलेला हेल्परही नसतो. आपल्या धंद्यातलं सगळं सर्वसाधारण ज्ञान असलेला, हात चालणारा कारागीर किंवा इंजिनिअर. त्याला अर्जाच्या तारखेच्या दिवशी उभं करायचं, अडचण सांगायची, पण पेटंट दाखवायचं नाही. मग विचारायचं, याला हे सुचलं असतं का?

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर या नांगराच्या खटल्यात हा विचार पायऱ्यांमध्ये मांडला. आधी काय ठाऊक होतं? नव्यात आणि जुन्यात फरक काय? त्या धंद्यातल्या माणसाचं कसब किती? याच्या जोडीला बाजारातले पुरावे: माल खपला का, गरज जुनी होती का, इतरांचे प्रयत्न फसले का? नांगराचं पेटंट रद्द झालं. त्याच दिवशी अ‍ॅडम्सच्या, पाणी घातल्यावर चालू होणाऱ्या बॅटरीचं पेटंट मात्र टिकलं. तिचे घटकही जुने होते, पण ही बॅटरी चालेल यावर तज्ज्ञांचा आधी विश्वासच बसला नव्हता.

२००७च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात कोर्टाने दुसरी बाजूही सांगितली. प्रश्न गाडीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा होता. बाजाराचा रेटा त्याच दिशेला, पर्याय मोजकेच आणि परिणाम आधीच कळण्यासारखा. अशा वेळी जाणकार ते करून बघणारच. पेटंट रद्द झालं. जाणकार माणूस यंत्र नसतो, त्यालाही थोडी कल्पकता असते, हे कोर्टाने आवर्जून सांगितलं.

आता हे आपल्या काल्पनिक गोंदाला लावा. पातळ थर तंतूंत शिरतो हे गालिच्याच्याच धंद्यात आधी छापून आलेलं असेल, तर पेटंटची बाजू लंगडी. पण समजा, सगळ्यांचा समज असा होता की दोन थर एकमेकांपासून सुटतात, म्हणून ते टाळावेत. आणि याने विशिष्ट तापमानाला केल्यावर टफ्ट बाइंड लॅटेक्सच्या बरोबरीला आला. मग बाजू भक्कम. गोंद तोच, गालिचा तोच. निकाल आजूबाजूच्या पुराव्यावर फिरतो.

तुम्ही काय करायचं?

तुम्ही काही नवं बनवत असाल तर:

१. फसलेले प्रयोग लिहून ठेवा. तारीख, माप, काय फसलं, का फसलं. आपण यशस्वी नमुना जपतो आणि फसलेले भंगारात टाकतो. पण ‘हे सोपं नव्हतं’ हे सांगायला तीच वही कामी येते.

२. आकडा मोजा. ‘क्वालिटी सुधारली’ हे बोलणं झालं. ‘चाळीसचे पन्नास वार’ हा पुरावा झाला. जुन्या आणि नव्या पद्धतीची चाचणी एकाच दिवशी, एकाच मापाने करा.

३. स्वतःलाच विचारा: अडचण सांगितल्यावर माझ्या फोरमनने पाच मिनिटांत हेच उत्तर दिलं असतं का? दिलं असतं, तर पेटंटच्या खर्चाआधी दोनदा विचार करा. कलम ३(एफ) प्रमाणे ठाऊक असलेली उपकरणं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध धरला जात नाही.

४. अर्जाआधी दाखवू नका. आपल्याकडे स्वतःच जाहीर केलेल्या गोष्टीला सरसकट सवलतीचा काळ नाही. प्रदर्शनात स्टॉल लावला, व्हिडिओ टाकला, माल विकला, की तुमचीच वस्तू तुमच्या विरुद्ध पुरावा बनू शकते. तयारी अपुरी असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा, संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. लहान उद्योगाला फीमध्ये सवलत आहे. उद्यम नोंदणी आणि फॉर्म २८ तयार ठेवा.

तुम्हाला नोटीस आली असेल तर:

१. घाबरून मशीन बंद करू नका आणि रागाने नोटीस फाडूही नका. पेटंट भारतात आहे का, वार्षिक फी भरून चालू ठेवलंय का, ते पेटंट ऑफिसच्या साइटवर बघा. अमेरिकेतलं पेटंट पुण्यातल्या कारखान्याला लागू होत नाही. पण माल अमेरिकेला पाठवत असाल तर तिथे लागू होतं.

२. पेटंटमधले ‘क्लेम’ वाचा. हक्क तिथे लिहिलेल्या शब्दांवर असतो, वर्णनातल्या चित्रांवर नाही.

३. जुना पुरावा गोळा करा: जुनी बिलं, कॅटलॉग, ड्रॉइंग, व्यापारी मासिकं, जुन्या कारागिरांची साक्ष. सगळं अर्जाच्या तारखेच्या आधीचं हवं. ‘आमच्याकडे पूर्वीपासून करतात’ या तोंडी वाक्याला कागदाचा आधार लागतो.

४. रस्ते माहीत असू द्या. पेटंट मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात संबंधित व्यक्ती विरोध दाखल करू शकते. त्यानंतर कलम ६४ खाली रद्द करण्याची मागणी, किंवा तुमच्यावर दावा झाला असेल तर त्यातच प्रतिदावा. नोटीस निव्वळ दमदाटीची असेल तर कलम १०६ खाली तुम्हीही कोर्टात जाऊ शकता. इथे मात्र पेटंटचं काम करणारा वकील किंवा एजंट गाठा. हा लेख म्हणजे सल्ला नाही, अभ्यास आहे.

गृहपाठ

तुमच्या कारखान्यातली अशी एक युक्ती निवडा, जी तुम्ही स्वतः बसवली आहे. वहीच्या एका पानावर चार उत्तरं लिहा. अडचण काय होती? आधी लोक काय करत होते? तुमच्या उत्तरात जुनं काय आणि नवं काय? परिणाम किती, आकड्यात?

मग ते पान झाकून ठेवा आणि तुमच्याच धंद्यातल्या एका जाणकाराला फक्त पहिलं उत्तर सांगा. अडचण सांगा, उपाय सांगू नका. तो काय उत्तर देतो ते शब्दशः लिहून घ्या. ज्याच्या तोंडून गुपित बाहेर जाणार नाही असाच माणूस निवडा, हे वेगळं सांगायला नको.

त्याने तुमचंच उत्तर दिलं, तर ती चांगली वर्कशॉप सुधारणा आहे. जरूर वापरा, त्यातून पैसे कमवा, पेटंटचा खर्च वाचवा. तो डोकं खाजवत बसला, किंवा “हे होणारच नाही” म्हणाला, तर पान जपून ठेवा, वर तारीख टाका आणि पुढच्या आठवड्यात पेटंट एजंटची वेळ घ्या.

पुढच्या व्हिडिओत आपण क्लेम कसे वाचायचे ते शिकू. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करा. भेटूया!